फाटकाच्या बाई

शाळेत बाईंना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. शाळा भरायच्या अर्धा तास आधी त्या फाटकात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे बघायच्या. मुलांनी त्यांचं नावच पाडलं होतं, फाटकबाई. नव्या मुलांना ते आडनाव वाटायचं. कुणाचा शर्ट बाहेर आला, कुणी चपला घालून आलं, याकडे त्यांचं लक्ष नसे. "चेहरा आधी, गणवेश नंतर," म्हणायच्या.

प्रकाशा गावाजवळच्या आमच्या शाळेत त्या पर्यवेक्षिका, आणि मी अकरावीला इतिहास शिकवणारा नवा शिक्षक. मधल्या सुट्टीत त्या उभ्यानेच चहा घ्यायच्या आणि आम्हा प्रत्येकाला विचारायच्या, "आज पोरांकडून काय ऐकलं?" रोज तेच. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. संस्थेने कॅमेरे बसवले तेव्हा आता तरी बाईंचे पाय टेकतील, असं कुणीतरी म्हणालं. कॅमेरा झालेलं दाखवतो, एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

एका मंगळवारी माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली. तिघांनी मिळून वर्गातल्याच एका मुलाला मारलं, पाया पडायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय, असं तिने सांगितलं. बघू, म्हणालो. त्याच दिवशी बाईंनी नेहमीचं विचारलं, तेव्हा विशेष काही नाही, असं मी सांगितलं. चाचणीचे पेपर तपासायचे राहिले होते.

गुरुवारी तो मुलगा फाटकातून आत आला. एरवी त्याचं दप्तर सायकलच्या कॅरिअरला असे. त्या दिवशी त्याने ते पोटाशी घट्ट धरलं होतं. बाई काही न विचारता त्याच्याबरोबर चालू लागल्या आणि त्याला वर्गाऐवजी मैदानाकडे वळवलं. मी त्याच्या मागूनच आत येत होतो; त्यांनी खुणेने मला मागे यायला सांगितलं. शाळेत त्या पुस्तकी मराठीच बोलत. त्या दिवशी घरची अहिराणी बोलल्या.

"काय व्हयनं रे भाऊ? सांग. मी आठेच शे."

बाई इथेच आहेत हे ऐकून त्याने एकदा मागे वर्गांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, मन्हा दप्तरमा कट्टा शे."

गावठी पिस्तूल. मामेभावाच्या पेटीतून उचललेलं. बाईंनी दप्तराला हात लावला नाही. त्याला ते जमिनीवर ठेवायला सांगून वीसेक पावलं बाजूला नेलं आणि त्याचा हात धरला. मला म्हणाल्या, सगळ्या वर्गांची दारं आतून लावायला सांगा, मैदानाकडे कुणाला येऊ देऊ नका, मुख्याध्यापकांना पोलिसांना फोन करायला लावा. मी धावलो. पोलीस येईपर्यंत पाऊण तास त्या तशाच त्याचा हात धरून उभ्या होत्या. कट्ट्यात गोळी होती.

संस्थेला प्रकरण मिटवायचं होतं आणि पालकांना तो मुलगा शाळेत नको होता. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. पोलिसांना खरा जबाब दिला आणि बाल न्याय मंडळापुढे प्रत्येक तारखेला त्याच्या आईबरोबर गेल्या. मारणाऱ्या तिघांच्या घरी मला घेऊन गेल्या. त्या मुलीने मला मंगळवारीच सांगितलं होतं, हे मी तिथेही लपवलं. मग दर महिन्याला तुटक घंटा वाजवून वर्गांची दारं लावण्याचा सराव सुरू केला. पोरांना उगाच घाबरवता, म्हणून काही पालक भांडायला आले, तर तहान लागल्यावर विहीर खणायची का, असं त्यांनाच विचारलं. दोन वर्षांनी तो मुलगा बाहेरून बारावीला बसला आणि पास झाला.

निवृत्तीनंतर बाई कोरीटला, आपल्या गावी राहायला गेल्या. गेल्या वर्षी त्या आजारी असल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो आणि मंगळवारची गोष्ट एकदाची सांगून टाकली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला सांगून काय होणार, सर? त्याला सांगा," एवढंच म्हणाल्या.

दोन महिन्यांनी त्या गेल्या. त्यानंतरही मी बरेच दिवस टाळलं. शेवटी पुरुषोत्तमनगरला गेलो. तिथे त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मला बघून त्याने काम थांबवलं, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. बोलताना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

फडक्याने हात पुसत तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर हळूच म्हणाला, "सर, दप्तरमा कट्टा व्हता ना, त्या दिन पहिला तास तुमनाच व्हता."