रंगूबाईच्या नातीचं रुपेरी जावळ

रंगूबाई कशाला घाबरत नाही, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. पोलादपूरच्या वरच्या डोंगरात तिची वाडी. तिथून भाजीची पाटी घेऊन ती महाडच्या बाजाराला येते आणि ऊन चढलं की माझ्या ओट्यावर टेकते. गोठ्यात शिरलेल्या बिबट्याला तिनं शिव्या घालून हाकललं आहे. शेजारचं घर दरडीखाली गेलं तेव्हाही ती वाडी सोडायला तयार नव्हती. तिला भीती होती एकाच बाईची, आणि ती मरून गेली होती. तिची सासू.

नातू झाला, ओम. सावळ्या आईबापांचं पोर आणि डोक्यावर चांदीच्या तारा. सासूचं डोकं शेवटी असंच होतं, म्हणून वाडीनं ठरवलं, म्हातारी परत आली. मामाच्या मांडीवर बसवून त्याचं जावळ काढलं. पुढे थोड्याच दिवसांत पोर तापानं गेलं. रंगूबाईनं अर्थ काढला तो असा: केसांना हात लावला, म्हातारी कोपली.

मग नात झाली, सेजल. केस तसेच. ह्या वेळी रंगूबाईनं घरात कात्रीच ठेवली नाही.

यंदा सेजलला ताप आला तो उतरेना. पोट फुगलं. मुलगा राजेश मुंबईला कामाला, म्हणून सून समीक्षा आणि रंगूबाई तिला घेऊन महाडच्या बालरोगतज्ज्ञाकडे आल्या. त्यानं केस निरखले, पोट चाचपलं आणि सांगितलं, थोडे केस कापून द्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचेत. रंगूबाईनं पोर उचललं आणि तडक माझ्या ओट्यावर आली. मागून समीक्षा, रडत.

"बाई, तुमी शाळंत शिकवायचात ना हे सगळं? त्या डॉक्टरला सांगा, रक्त घ्या, काय पण घ्या. केस नाय."

"म्हणजे रक्ताला तुझ्या सासूची हरकत नाही वाटतं?"

"हसू नका. जिती होती तवा तिनं मला सोडलं नाय. आता सोडील?"

सेजल तिच्या खांद्यावर होती. डोळे उघडे, पण ती कुठेच बघत नव्हती. मी हसायची थांबले.

"लावणीला रोपांच्या मुठी गडी आणतात ना? त्या बांधावरच टाकल्या आणि लावणाऱ्या बायांच्या हातात दिल्याच नाहीत, तर?"

"सुकतील. खाचर मोकळं ऱ्हाईल."

तेच इथे. केसाचा काळा रंग एका पेशीत तयार होतो, बारीक पुड्यांत भरला जातो. त्या पुड्या पेशीच्या कडेला नेऊन पुढे सोपवाव्या लागतात. ह्या कामावर रॅब नावाची छोटी प्रथिनं असतात. जीटीपी नावाचा रेणू चिकटला की ती कामाला लागतात, त्याचा तुकडा पडला की थांबतात. त्यांतलं एक बिघडलं की रंग पेशीतच साचतो आणि केस रुपेरी दिसतात. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, मिरवा. पण तेच प्रथिन रक्तातल्या रक्षक पेशींचा दारूगोळाही कडेला आणतं. तोही आतच अडकतो. मग साधा विषाणूसुद्धा मरत नाही, आणि चवताळलेल्या रक्षक पेशी शरीरावरच उलटतात.

हे मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हंजे ओम केस कापल्यानं नाय गेला?"

"नाही."

तिनं समीक्षाकडे पाहिलं, मग पोरीकडे. "कापू देणार नाय," ती म्हणाली. "गळलेले चालतील?"

चालणार होते. सेजलच्या कुंचीला आतून चिकटलेले केस तिनं एकेक वेचून कागदात ठेवले.

केसांत रंगाचे ओबडधोबड गोळे दिसले. मुंबईला रक्त तपासलं, आजार तोच निघाला. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा एकाच जनुकाच्या दोन बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या की तो होतो. समीक्षा ही रंगूबाईच्या भावाची, भागोजीची मुलगी. परकी सून नको म्हणून रंगूबाईनंच मामाची मुलगी मुलाला केली. राजेश आणि समीक्षा, दोघांतही बिघाड आला होता तो रंगूबाईच्याच माहेरून. सासूचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

मला वाटलं, ऐकून हिला हायसं वाटेल.

"म्हंजे ती नव्हती," रंगूबाई म्हणाली. "मीच होते."

कोणी मुद्दाम देत नाही, कोणाला ठाऊकही नसतं, असं मी बरंच बोलले. तिनं काही ऐकलं नाही.

इलाज एकच, दुसऱ्याची अस्थिमज्जा. राजेशची अर्धी जुळली, तीच द्यायचं ठरलं. आधी पोरीची स्वतःची मज्जा औषधानं जाळायची. त्यात केस सगळे जातात. ते गेले. मज्जा चढवली. ती धरली की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

परवा इस्पितळातून रंगूबाईचा फोन आला. "बाई, नवे केस काळे येतील ना?"

मला खोटं बोलता येत नाही. "नाही. मज्जेनं रक्षक सुधारतील, केस नाही. रुपेरीच येतील."



"म्हातारीसारखे येऊ देत," ती म्हणाली. "पण येऊ देत."

आता ती रोज हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून पोरीच्या टकलावरून तळवा फिरवते. संध्याकाळी मला कळवते.

"आज पण हाताला काय लागलं नाय, बाई."