बेस चाचांना दाखवलास का?

बेस गिटार हातात दिला की चाचा पहिल्यांदा त्याचा पट्टा गळ्यात अडकवायचे आणि दोन्ही हात वर करून उभे राहायचे. पोलिसांनी धरल्यासारखे. तार छेडणं नाही, काही नाही. बेसची मान आपोआप खाली झुकली, तर तो तसाच उतरवून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचे आणि म्हणायचे, "हात सोडले की कळतं."

गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मग मी समजावून सांगायचो, की मान जड असली तर डावा हात सगळा वेळ ती उचलून धरण्यातच अडकतो, मग वाजवणार कशाने? हे मला चाचांनीच शिकवलं होतं. पण मी अशा थाटात सांगायचो, की जणू आमच्या घराण्यात पणजोबांपासून बेस गिटारच आहेत.

रत्नागिरीत माझं साउंडचं दुकान आहे. स्पीकर, मिक्सर भाड्याने देतो, भिंतीवर चार गिटार विकायला टांगलेले असतात, आणि आमचा एक ऑर्केस्ट्रा आहे. लग्न, हळद, गणपती, जत्रा, बोलावतील तिथे जातो. चाचा त्यात बेस वाजवायचे. राहायला मिरकरवाड्यात. वीसेक वर्षं जहाजावर इंजिन रूममध्ये ऑइलर होते, आणि बेस तिथेच एका फिलिपिनो सोबत्याकडून शिकले. जहाजं सुटली, बेस नाही सुटला.

आता खरं सांगा, ऑर्केस्ट्रात तुम्ही कधी बेसवाल्याकडे पाहिलंय? नाही ना? मी इतके कार्यक्रम केले, पण एकही माणूस स्टेजवर येऊन "बेस छान होता" असं म्हणाला नाही. फार तर म्हणतात, "साउंड एकदम भरीव होता हो." ते भरीव म्हणजे चाचा. त्यांना या गोष्टीचं अजिबात वाईट वाटायचं नाही. "जहाजात प्रवासी इंजिन बघायला येतात काय?" असं म्हणून ते चहा मागवायचे.

पण बेस विकत घ्यायचा म्हटलं, की पार चिपळूणपासून राजापूरपर्यंतच्या वाजवणाऱ्यांत एकच प्रश्न असायचा, "चाचांना दाखवलास का?" लग्नाची मुलगी दाखवावी तसा तो कार्यक्रम माझ्या दुकानात व्हायचा. हात सोडून झाले, की चाचा बेस डोळ्यासमोर आडवा धरून मान सरळ आहे का बघायचे, होडीवाला वल्हं बघतो तसं. मग खिशातला जुना सुती रुमाल मानेच्या कडेवरून फिरवायचे. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या टोकाला एखादा धागा जरी अडकला, तरी तोंड वाकडं. मग स्क्रू. स्क्रूवर नख घासून बघायचे, कारण आपल्याकडचा खारा वारा हलक्या लोखंडाला एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंतही टिकू देत नाही. "दिसायला नवरदेव हाय. पावसाळ्यात बघ त्याला."

आवाजाचा निकाल मात्र शेवटी, आणि तो तीनच शब्दांत. बेस एकतर "बोलतो", नाहीतर "बोंबलतो", नाहीतर "पुटपुटतो". चौथा प्रकार त्यांनी मान्य केला नाही.

एकदा देवरुखचे एक इंजिनियर पाच तारांचा बेस घेऊन आले. मानेत निळे दिवे लागत होते. चाचांनी दिवे लावून बघितले, बंद करून बघितले.

"ही पाचवी तार कशाला?"

"खालचे सूर मिळतात त्यावर."

"आणि बाकी चार तारांवर काय काय मिळालं आतापर्यंत?"

ते गृहस्थ प्रामाणिक होते. म्हणाले, "अजून शिकतोय."

"मग पाचवीला जपून ठेवा. तिला वेळ हाय."

आणखी एक बागाईतदार होते, त्यांना चाचांनी सांगितलं होतं, की दमट हवेत बेस भाताच्या कोरड्या पेंढ्यात ठेवा, ओल धरत नाही. ते गृहस्थ तंतोतंत तसं वागले. फक्त मे महिन्यात वागले, आणि घरात पेंढा जिथे होता तिथे ठेवला, म्हणजे आंब्याच्या आढीत. आढीत काय ऊब असते ते आपल्याला सांगायला नको. दहा दिवसांनी मान धनुष्यासारखी करून ते तावातावाने दुकानात आले. चाचांनी बेस नाकाजवळ नेला, वास घेतला.

"हापूस. अजून दोन दिवस ठेवायला हवा होतात."

"चाचा, तुम्हीच म्हणालात पेंढ्यात ठेवा!"

"ठेवा म्हटलं. पिकवा नाय म्हटलं."

मग तीन संध्याकाळी बसून त्यांनी ती मान सरळ करून दिली. चहाशिवाय काही घेतलं नाही, आणि तोही दोन वेळा बागाईतदारालाच पाजला.

आता मुख्य गोष्ट. आमच्या ऑर्केस्ट्राचा बेस जुना झाला, म्हणून मी कोल्हापुरातून दोन मागवले. एक ठेवायचा, एक परत. पहिला काळा, चकचकीत, सोनेरी खुंट्यांचा, आत बॅटरीवर चालणारं सर्किट. दुसरा साधा लाकडी रंगाचा, जड, एका कोपऱ्याला टवका गेलेला. दुपारची वेळ होती. चाचांनी दोघांचे हात सोडले, वल्हं केलं, रुमाल फिरवला. दोघेही पास. मग चकचकीत बेस मी अँपला जोडून दिला. चाचा आवाज ऐकताना बेसचं वरचं टोक जबड्याला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. ती त्यांची लकब आहे असंच आम्ही सगळे समजत होतो. आमच्या कीबोर्डवाल्याने तर तशी नक्कलही बसवली होती.

पहिला झाला. दुसरा जोडला. चाचांनी डोळे मिटून जाड तार छेडली, आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, अँपचा लाल दिवा विझला. चाचा वाजवतच होते. नुसत्या तारेचा बारीक टणटण आवाज तेवढा येत होता, समोरच्या रस्त्यावरच्या रिक्षाखाली तोही बुडत होता. मी म्हणणार होतो, "थांबा चाचा, लाईट गेली." पण त्याआधी तेच म्हणाले,

"अँपवरचं बेसचं बटण जरा कमी कर. घुमतोय."

 मी पुढे होऊन त्या मेलेल्या अँपचं बटण थोडं मागे फिरवलं.

"हां. आता बरोबर," चाचा म्हणाले. "हा घे. हा बोलतो. तो काळा बोंबलतो."

तेव्हा मला कळलं, की इंजिन रूमने त्यांचे कान केव्हाच खाल्लेत. ते ओठ बघून बोलत होते आणि जबड्याने ऐकत होते.  पण मी तो टवका गेलेला बेस ठेवून घेतला, आणि काळा परत पाठवला. निकाल बरोबर होता हेही सांगून टाकतो. तो बेस स्टेजवर असा काही बोलायचा, की बस्स.

कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. बेस सोडला तर चाचा करणार काय? बायको गेलेली, मुलगी नर्स म्हणून दुबईला. आठवडाभर तो माणूस कार्यक्रमाच्या शनिवारची वाट बघायचा, बुधवारपासून शर्टला इस्त्री करून ठेवायचा. बहिरा बेसवाला कोण ठेवेल, हे त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच तर लपवत होते.

पण राजापूरच्या एका लग्नात फुटलं. आमच्या गायिका शाळेत शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. ऐन वेळी त्या मागे वळून म्हणाल्या, "अर्धा सूर खाली घ्या." सगळ्यांनी घेतला. चाचांची पाठ होती, त्यांनी ओठ पाहिले नाहीत. अख्खं गाणं आम्ही एका सुरात आणि चाचा अर्धा सूर वर. मला स्टेज दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. गाणं संपल्यावर नवरीचे मामा स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "साउंड एकदम भरीव!"

बाईंना मात्र सगळं कळलं होतं. गाडीत चाचा पुढे बसले होते, मागे आम्ही बोलून घेतलं. मला वाटलं होतं बाई म्हणतील, दुसरा माणूस बघा. त्या म्हणाल्या, "काहीतरी युक्ती काढा हो." कीबोर्डवाला जयगडच्या पोर्टवर क्रेनला आहे, तिथे सगळं हाताच्या खुणांवर चालतं. त्याने युक्ती काढली. मूठ म्हणजे काळी पट्टी, उघडा हात म्हणजे पांढरी, मग बोटांनी आकडा. पुढच्या तालमीला मी जाहीर करून टाकलं, की आजपासून सूर खुणेने सांगायचा, मोठ्या ऑर्केस्ट्रात असंच असतं. चाचा म्हणाले, "हे आधीच करायला हवं होतंत." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

तीन वर्षं सुरळीत गेली. म्हणजे खुणा आमच्या काही लक्षात राहिल्या नाहीत, म्हणून कीबोर्डवाला आम्हाला तोंडाने सूर सांगायचा आणि मग चाचांना खूण करायचा. चाचा खूण पकडायचे, पण बघितलंच नाही असं दाखवायचे. त्यांचा तो बेफिकीर चेहरा बघून मला हसूही यायचं आणि गलबलूनही यायचं.

मग मुलगी सुट्टीवर आली आणि त्यांना कानाचं मशीन घालून गेली. आम्हाला वाटलं, सुटलो! मशीन घालून चाचा पहिल्यांदा आले ते वेळणेश्वरच्या जत्रेतल्या कार्यक्रमाला. मशीन केसांखाली दडवलेलं. आम्हीही बघितलं नाही असं केलं. पहिल्या चार गाण्यांनंतर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई वरच्या सुराला कचरतात. कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं.

"अरे अरे," चाचा म्हणाले आणि परत जागेवर गेले.

पाचव्या गाण्याला कीबोर्डवाला ओरडला, "पांढरी पाच!" मग सवयीने वळून चाचांना उघडा हात दाखवला आणि पाच बोटं. चाचांनी आवाजही ऐकला आणि हातही पाहिला. सहाव्या गाण्यालाही तेच. सातव्याला ते खुणेकडे बघतच राहिले. त्यांनी उरलेला कार्यक्रम वाजवला, एक सूर चुकला नाही.

सामान भरताना मी वायरी गुंडाळत होतो. चाचा येऊन उभे राहिले.

"तोंडाने सांगतो तर खूण कोणासाठी करतो रे तो?"

गुंडाळलेली वायर सोडून मी पुन्हा गुंडाळायला लागलो.

"सगळ्यांना माहीत हाय?"

"हो चाचा."

"ढोलकीवाल्याला पण?"

"त्याला पण."

"कधीपासून?"

"राजापूरपासून. मला त्याच्या आधीपासून."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं रागावतील, चार शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी समजत होतो, मी तुम्हाला फसवतोय."

मी म्हटलं, "चाचा, त्यात काय एवढं? आपलीच माणसं—"

"फसवायला अक्कल लागते मेल्या. मला वाटायचं, बहिरा होऊन पण मी ह्यांच्यात उभा राहतोय, कोणाला पत्ता नाय. तुम्ही तर मला उचलून धरला होतात."

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बेस दुकानात आणून ठेवला होता, नव्या तारा घालून, पुसून. निरोप एवढाच, की कीबोर्डवाल्याचा डावा हात रिकामाच असतो, त्या हाताने कीबोर्डवरच बेस वाजवायला सांग. आता तो तसाच वाजवतो. साउंड भरीव होता असं हल्ली कोणी म्हणत नाही.

मी माफी मागायला जायला हवं होतं. माझ्याच्याने ते झालं नाही. दोन महिन्यांनी मी दोन नवे बेस गाडीत घातले आणि मिरकरवाड्यात त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "चाचा, एक ठेवायचाय, एक परत. तुम्ही सांगाल तो."

चाचांना सगळं समजलं होतं, पण त्यांनी मला घरात घेतलं. मशीन कानात होतं. दोन्ही बेस त्यांनी नीट पाहिले. माना पाहिल्या, रुमाल फिरवला, स्क्रूवर नख घासलं. एकाची खुंटी ढिली होती, ती आवळून दिली. 

"बांधणी दोघांची सारखी हाय," ते म्हणाले. "चांगली हाय."

"आणि आवाज?"

चाचांनी बेस माझ्या मांडीवर ठेवला.

"आवाज तू बघ. तुला कान हायेत." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी स्वतः चहा टाकला.

चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. दारापर्यंत सोडायला आले. मी दोन्ही बेस परत आणले आणि दोन्ही वाजवून बघितले, खूप वेळा, अँप लावून, न लावता. मला काहीच कळलं नाही. परत पाठवायची मुदत टळून गेली. ते दोघे शेजारी शेजारी दुकानात टांगलेले आहेत. गिऱ्हाईक विचारतं, यातला कोणता घ्यावा? मी सांगतो, दोन्ही चांगले आहेत.