साडेसात फूट

मानाजीरावांची नोकरी महापालिकेत, दुकानांच्या पाट्यांची उंची मोजण्याची. एकतीस वर्षं हातात टेप धरून त्यांनी सारं म्हैसूर पालथं घातलं होतं, आणि निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा त्यांना कौतुक नको होतं, नुसती बसायला जागा हवी होती.

नियम साऱ्या शहराला एकच: पाटीची खालची कड रस्त्यापासून साडेसात फूट उंच हवी. हेब्बाळच्या कारखान्यांना त्यात काय अवघड? नजरबादच्या जुन्या गल्लीत मात्र छपरंच बुटकी, त्यात दर डांबरीकरणाला रस्ता वर चढलेला नि दुकानं खाली राहिलेली. नियमात बसवायची तर पाटी कौलांवरच ठेवावी लागली असती. हे वरच्या शहाण्यांना कोण सांगणार? मानाजीरावांनी सांगितलं, दर वर्षी, लेखी. तोवर गल्लीत नोटिसाही त्यांनीच वाटल्या.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी नरहरी शिंप्याची पाटी उतरवली. नरहरी बालमित्र, नोकरीला लागताना घातलेला शर्टही त्यानंच शिवलेला. पाटी सागवानी, त्याच्या वडिलांनी हौसेनं रंगवून घेतलेली. मित्राला सोडलं तर इतरांच्या पाटीला कुठल्या तोंडानं हात लावायचा, असं मानाजीरावांना तेव्हा वाटलं. नरहरीनं उतरवलेली पाटी उचलून दुकानात नेली. पुन्हा त्याच्यासमोर जायची हिंमत मानाजीरावांना झाली नाही. शर्ट ते तयार घेऊ लागले.

या महिन्यात अखेर पेठेपेठेचा वेगळा नियम निघाला. नजरबादला साडेपाच फूट. आदेशाची प्रत घेऊन, दुखरे गुडघे ओढत मानाजीराव थेट नरहरीच्या दुकानात गेले. पाटी परत लावू, शिडी मी धरतो, एवढं बोलतानाच त्यांना धाप लागली.

नरहरी कापड कापत होता. त्यानं कात्री ठेवली, कापड बाजूला सारलं. खाली, दोन लाकडी घोड्यांवर आडवी, तीच पाटी होती. अक्षरं झिजून गेली होती; खडूच्या रेघा नि कात्रीचे चरे तेवढे दिसत होते.

“बारा वर्षं हिच्यावरच कापतोय, माना,” तो म्हणाला. “वर लावली तर कापू कशावर? इरली बिडू. राहू दे आता.”

मानाजीरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. नरहरी त्यांच्याकडे बघत होता.

“हा शर्ट कुणी शिवला? खांदा उतरलाय.”

त्यानं गळ्यातला टेप काढून त्यांच्या खांद्याला लावला. मानाजीरावांना रडू आलं, पण माप चुकेल म्हणून ते हलले नाहीत.