शेवट फोडायचा नाही

आमच्या शेजारी एक इन्स्पेक्टर राहतो. पोलिसात तो कधीच नव्हता. चौकीची पायरीसुद्धा चढला नसेल, आणि चढला असता तर तक्रार राहिली बाजूला, आधी हवालदाराच्या बुटाचा नंबर सांगून मोकळा झाला असता. कारण तो बुटांच्या दुकानात कामाला होता. मिशी फुटल्यापासून केस पिकेपर्यंत एकाच दुकानात, एकाच बुटक्या तिरक्या स्टुलावर बसून त्यानं गावभरच्या पावलांना बूट चढवले. इन्स्पेक्टर हे नाव मी ठेवलं. ते त्याला इतकं आवडलं की पुढे पुढे खऱ्या नावानं हाक मारली तर गडी मागे वळायचा नाही.

नाव पडलं ते मालिकेमुळे. दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एक खुनाची मालिका लागायची. त्या घरात तिला नुसतं 'आपली' म्हणत. "आज आपली आहे ना?" असं वहिनींनी विचारलं की पाहुण्यांनी ओळखून उठायचं. इन्स्पेक्टर स्वतः पडदे ओढायचा, दारावरची बेल बंद करायचा, मुलीच्या हातातला फोन काढून कपाटावर ठेवायचा. मग तो वेताच्या खुर्चीत, वहिनी खाली पलंगाला टेकून, मांडीवर कुणाचं तरी उसवलेलं शिवण घेऊन, आणि मुलगी पलंगावर पालथी. मला दाराजवळच्या स्टुलावर जागा असायची, तोंड उघडायचं नाही या अटीवर. मला जगातली दुसरी कुठलीही अट चालली असती.

घराचा नियम एकच होता. गुन्हेगार कोण ते ज्याला कळलं त्यानं बोट वर करून "कळलं" म्हणायचं आणि गप्प बसायचं. शेवट फोडायचा नाही. फोडला तर आठवडाभर भांडी घासायची. मी एकदा फोडला. "अहो, ही तर बहीणच दिसतेय," एवढंच म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दारात हजर, "काका, घासणी आणलीय." घासली बुवा. करतो काय?

इन्स्पेक्टरचं बोट अर्ध्या मालिकेतच वर व्हायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं. वहिनींचं बोट मात्र पहिल्याच भागात वर. त्यांची पद्धत वेगळी. ज्याला कुणी चहा विचारत नाही, ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो त्यांचा गुन्हेगार.

"अगं, पुरावा काय?"

"पुरावा कशाला हवा? चेहरा बघा त्याचा. किती वर्षं कुणी धड बोललं नसेल त्याच्याशी."

"म्हणून खून करेल?"

"मी केला असता."

इतक्या वर्षांत वहिनी एकदाही जिंकल्या नाहीत. दर वेळी शेवट झाला की हसून म्हणायच्या, "हरले बाई," आणि कणीक मळायला उठायच्या.

घरातही इन्स्पेक्टरचा तपास चालूच असे. माणूस आत आला की त्याची नजर आधी पायांवर. मुलगी कॉलेजातून आली की सँडल उलटी करून बघायचा. "लाल माती. म्हणजे मैदानामागच्या रस्त्यानं आलीस. तो रस्ता लांबचा आहे. लांबच्या रस्त्यानं एकटं कुणी येत नाही." मुलगी ओरडायची, "आई, ह्यांना सांग ना!" आणि वहिनी आतून म्हणायच्या, "अहो, निदान त्याच्या बुटाचा नंबर तरी सांगा तिला." पुढे तो लांबचा रस्ता मुलीचा नवरा झाला, ती गोष्ट वेगळी. लग्नानंतरही ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि शनिवारी पलंगावर पालथी पडायला हजर असायची.

त्या वर्षी 'आपली'चा नवा खून डोंगरावरच्या एका हॉटेलात झाला होता. मालक मेलेला. संशयित म्हणजे त्याचा डॉक्टर, त्याची बहीण, व्यवस्थापक, आणि मागे झाडांना पाणी घालणारा एक म्हातारा माळी. पहिल्या भागात माळी दिसला न दिसला, वहिनींचं बोट वर.

"झालं!" इन्स्पेक्टर म्हणाला. "बिचाऱ्याला अजून एक वाक्यसुद्धा मिळालेलं नाही."

"म्हणूनच."

त्याच सुमारास इन्स्पेक्टरची दुकानातली नोकरी संपत आली होती. एका सकाळी तो कुंपणापाशी आला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. चेहरा असा, जणू खजिन्याचा नकाशा सापडलाय.

"घरात कट शिजतोय."

माझे कान लगेच उभे. "कसला?"

"ही आणि मुलगी, दुपारच्या दोघी कुठेतरी जातात. विचारलं तर म्हणे बाजारात. पण चपलांचे तळ बघितले मी. स्वच्छ. फिनेलचा वास. बाजारात जाऊन आलेली चप्पल अशी असते? ही पुसलेल्या फरशीवरून चालून आलेली चप्पल आहे. मोठ्या ऑफिसची फरशी."

"मग?"

"माळ्यावरची बॅग खाली काढलीय. दोन नवे गाऊन शिवलेत, सैल, पुढून बटणांचे. मी खोलीत गेलो की फोन बंद. आणि परवा मला कपडे धुण्याचं मशीन कसं लावायचं ते शिकवत होती! इतक्या वर्षांत हात लावू दिला नाही. सांगा, का?"

मी सांगितलं, मला कळत नाही.

"अहो, समुद्र!" तो कुजबुजला. "लग्न झाल्यापासून तिला समुद्र बघायचाय. मला सुट्टी कुठली? मी निवृत्त झालो की मला चकित करायचा बेत आहे. ऑफिस म्हणजे प्रवास कंपनीचं. मशीन का, तर लांब जायचं, तिथं ज्याचे कपडे त्यानं धुवायचे. आणि शेवटचा पुरावा ऐका. काल सकाळी अकराला ती दुकानात आली. आपण होऊन. म्हणाली, चपला घट्ट होतात, मोठ्या द्या. मी स्वतः पाऊल मोजलं. पूर्ण एक नंबर वाढलेलं! लांब चालायचं तर चप्पल सैलच घ्यायला हवी, हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. मी काही बोललो नाही. बोटसुद्धा वर केलं नाही. शेवट फोडायचा नाही."

मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. त्याच्याकडे पुरावे होते, आणि तो इतका खूश होता.

त्या दिवसांत तो शीळ घालत दुकानात जायचा. वहिनींकडे बघून उगाच हसायचा. त्यांनी जेवताना हात आखडता घेतला की म्हणायचा, "बरोबर आहे, हलकंच खावं." दम लागून त्या खुर्चीत बसल्या की म्हणायचा, "साठवून ठेव, साठवून ठेव." आणि डोळा मारायचा.

वहिनींच्या बाजूचं मला फार नंतर मुलीनं सांगितलं. त्यांचं यकृत पार निकामी होत आलं होतं. डॉक्टरांनी हातात फारसं काही नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, बाबांना सांगू या. वहिनी म्हणाल्या, "ही मालिका संपू दे. नोकरीचे शेवटचे दिवस आहेत, रडत नको काढायला. शेवट आधी कळला की सगळीच मजा जाते." आणि मग एका दिवशी त्यांनीच मुलीला सांगितलं, "अगं, त्यांना कळलंय. माझं पाऊल हातात घेऊन किती वेळ बघत बसले होते. सुजलंय हे त्यांना कळणार नाही? सगळं कळलंय, आणि बघ, कसे हसतायत माझ्यासाठी. मी उगाच घाबरत होते. मोठ्या काळजाचा माणूस आहे गं."

त्या हसण्याच्या आधारावर ती बाई उभी होती.

शेवटच्या दोन भागांआधीचा शनिवार. पडदे ओढलेले, मी स्टुलावर. इन्स्पेक्टर उशिरा आला, हातात मोठी पिशवी. आत आला तो थेट वहिनींच्या समोर बसला, दुकानातल्यासारखा, एक गुडघा टेकून. पिशवीतून गवती टोपी काढली, रुंद काठाची, लाल फीत लावलेली, समुद्रावर घालतात तसली. ती वहिनींच्या डोक्यावर ठेवली. दुसरी स्वतःच्या.

"मोडला नियम," तो म्हणाला. "घासतो आठवडाभर भांडी. पण आता राहवत नाही. कळलं मला!"

वहिनी टोपीखालून त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे काय?"

"समुद्र! कधीची गाडी आहे ते तेवढं सांग."

मुलगी पलंगावर उठून बसली. आईकडे बघितलं, मग बापाकडे. "आई," ती म्हणाली, "ह्यांना माहीत नाहीये."

टीव्हीवर 'आपली'चं सुरुवातीचं संगीत वाजत होतं. वहिनींनी टोपी काढली नाही. त्यांनी हात पुढे केला आणि इन्स्पेक्टरच्या टोपीचा काठ नीट केला, लहान मुलाचा करतात तसा. "अहो," त्या म्हणाल्या, "इकडे या, बसा माझ्याजवळ."

मी उठून बाहेर आलो. आयुष्यात पहिल्यांदा मला काही ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बॅग इस्पितळात गेली, ते गाऊन तिथंच लागले. इन्स्पेक्टर दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसायचा, दोन्ही पावलं मांडीवर घेऊन. मी भेटायला गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "हातात होतं हो माझ्या. या हातांत धरून मोजलं मी."

मी म्हणालो, "तुम्ही काय डॉक्टर आहात का?"

"पाय संध्याकाळी सुजतात. सकाळी अकराला सुजत नाहीत. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो."

शेवटचा भाग येईपर्यंत वहिनी थांबणार नाहीत हे उघड होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. एका दुपारी त्यांनी इन्स्पेक्टरला जवळ बोलावलं. मुलगी पाणी पाजत होती, तिनंच हे सांगितलं.

"मला काही शेवट बघायला मिळत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला तर कळलंच असेल. फोडा आता. कोण?"

इन्स्पेक्टर त्यांच्या पायांवरची चादर सारखी करायला लागला.

"माझा माळी नाही ना?"

आता इथं कुठल्याही नवऱ्यानं म्हटलं असतं, हो गं, माळीच, जिंकलीस. तेवढं खोटं बोलायला जीभ कशाला अडायला हवी? पण हा माणूस. 'आपली'च्या बाबतीत तो तिच्याशी कधीच खोटं बोलला नव्हता. तेवढी एकच गोष्ट त्याच्याकडे खरी उरली होती, तीही खोटी करायची?

"नाही गं," तो म्हणाला. "डॉक्टर. औषधाची बाटली आठवते ना? डॉक्टरच."

वहिनी किंचित हसल्या. "हरले बाई," म्हणाल्या.

त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी गेल्या.

शेवटचा भाग मुलीनं लावला. बाबा नको म्हणाले नाहीत, म्हणून लावला. पडदे कुणी ओढले नाहीत. मी स्टुलावर बसलो, कारण दुसरं कुठे बसायचं ते सुचलं नाही. पलंगाला टेकायची जागा रिकामी. शेवटच्या काही मिनिटांत पोलीस हॉटेलच्या मागे गेले. माळी झारी खाली ठेवून उभा होता. इतकी वर्षं मालकानं मला नावानं हाक मारली नाही, असं काहीसं तो म्हणाला. त्याचं ते पहिलं मोठं वाक्य.

मुलगी तोंडात पदर कोंबून आत गेली. इन्स्पेक्टर नावं सरकून पडदा काळा होईपर्यंत बघत राहिला.

"बरोबर होती हो ती," तो मला म्हणाला. "जन्मात एकदा बरोबर होती. आणि मी तिला हरवून पाठवली."

मला सगळ्या गल्लीत तोंडाळ म्हणतात. पण त्या वेळी मी नुसता उठून टीव्ही बंद केला.

पुढच्या महिन्यात तो निवृत्त झाला. दुकानानं बूट दिले, ते खोक्यातच आहेत. मोठ्या नंबरच्या त्या चपला दाराशी तशाच ठेवल्यात. तळ कोरा करकरीत. मशीन तो लावतो, वहिनींनी शिकवलं होतं तसंच. मी मुद्दाम चिखलाचे बूट घालून त्याच्या दारात जातो, आता तरी म्हणेल, काय हो, नाल्याकडून आलात वाटतं. तो म्हणतो, "या," आणि खिडकीबाहेर बघतो.

गेल्या शनिवारी 'आपली'चा नवा खून सुरू झाला. आजूबाजूच्या घरांतून ते संगीत ऐकू यायला लागलं, तशी मुलीनं रिमोट हातात घेतला.

"बाबा, लावू?"

"तुला हवी तर लाव," तो उठत म्हणाला. "मला काही कळत नाही त्यातलं."