आईची प्रश्नमंजुषा

मंडपाच्या कोऱ्या कापडाचा वास आला की आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतली बायकांची प्रश्नमंजुषा आठवते. कधीच शाळेत न गेलेल्या आईला शेजारणींनी स्टेजवर ढकललं, तेव्हा तिचं हसं होणार म्हणून मी मान खाली घातली. निवेदकाने विचारलं, "घोड्याचं पिल्लू?" "शिंगरू." "रावणाची आई?" "कैकसी." मी रोज मोठ्याने पाठ करायचे, तेव्हा पाठमोरी बसून बोंबील साफ करणारी आई सगळं ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. "वहिनी, शिक्षण किती झालंय?" आई लाजली. "पोरीबरोबरच शिकते. आता चौथीत आहे." दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम आणखी मोठ्याने वाचू लागले, ते थेट कॉलेज संपेपर्यंत. आज कुणी आईचं शिक्षण विचारलं, की मी बेधडक बी.ए. सांगते.