ग्रेड सेपरेशन आणि दादाचं धान

मी शिकलो तो शालिकदादामुळे. शालिकदादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात तो दोन रुमालांत धान बांधून उभा होता आणि माझे साहेब, तिवारी सर, मला हळूच विचारत होते, "ये धान लेके क्यों आये हैं?"

मी सिव्हिल इंजिनीअर, घरातला पहिला पदवीधर. रेल्वेच्या कामांची डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात जुन्या लाइनशेजारी दुसरी लाइन टाकणं सुरू होतं. गाड्या वाढणार, म्हणून आमच्या गावाजवळचं फाटक काढून तिथे ग्रेड सेपरेशन करायचं होतं. इथे ग्रेड म्हणजे जमिनीची पातळी. रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर भेटले की फाटक लागतं. रस्ता रुळाखालून किंवा पुलावरून नेला की फाटकाची गरज संपते. खालून की वरून, एवढंच ठरायचं होतं.

गावात नोटीस लागली, "ग्रेड सेपरेशनबाबत सुनावणी". आमच्याकडे ग्रेड असतो तो धानाचा. खरेदी केंद्रावर धान एक तर ए ग्रेड, नाहीतर साधारण. दोन्ही ग्रेड आता वेगळ्या केंद्रांवर घेणार, असा अर्थ गावाने लावला. निम्मं सभागृह नमुने घेऊन आलं होतं.

"सर, हे माझे मोठे भाऊ," मी म्हणालो आणि घोटाळा सांगितला. साहेब हसले नाहीत. त्यांनी दादाला खुर्ची दिली. याबद्दल मी त्यांचाही ऋणी आहे.

मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. मागून एक जण म्हणाला, "मंग नोटिसीत तसं लिवाले काय झालं होतं? आमी सकाळपासून धान पाखडून राहिलो."

सगळे हसले. साहेबांनी मात्र रुमालातले चार दाणे हातावर घेतले. "ये सब धान जाता कहाँ है?"

"फाटकाच्या पल्याड," दादा म्हणाला. "केंद्र तिकडेच हाय, राइस मिली बी तिकडेच."

"ट्रॉली कितनी ऊँची भरते हो?"

"पोते रचतो, अन् वर माणूस बसते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ड्रॉइंगमध्ये बुटका भुयारी मार्ग होता. कार जाईल, रिकामा ट्रॅक्टर जाईल, भरलेली ट्रॉली अडेल. वाहनांची मोजणी रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत झाली होती. तेव्हा सगळं गाव चिखलात असतं, धानाची एक ट्रॉली रस्त्यावर नसते.

"और गहरा कर दें तो?"

"इटियाडोह धरणाचा पाट बाजूनेच जातो, सर. पाणी सोडलं की भुयार भरेल."

"तो फिर ऊपर से." साहेबांनी नकाशा पसरला. पुलाला दोन्ही बाजूंनी लांब चढ लागतो. त्यात रस्त्यालगतच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, जाणार होत्या. "ये पहली वाली किसकी है?"

"आमच्या घरची आहे, सर," मी म्हणालो. "या निर्णयात मला ठेवू नका."

बाबा गेल्यावर दादाने शाळा सोडून ती बांधी धरली, म्हणून माझी शाळा सुटली नाही. आमच्याकडची सगळ्यात चांगली जमीन तीच.

साहेब दादाला म्हणाले, "नीचे से बनाया तो आपकी ज़मीन बच जाएगी. सोच लीजिए."

दादाने मला विचारलं, "काऊन रे नरेश, खालून भरलेली ट्रॉली जाते काय?"

"नाही जात, दादा."

"मंग मले कायले विचारून राहिले?"

त्याने तिथेच भुयारी मार्गाला लेखी हरकत घेतली. घरी जाताना रुमालातलं धान मात्र माझ्या पिशवीत ओतलं. "परत कोण नेते," म्हणाला.

साहेबांनी मला त्या जागेच्या कामातून बाजूला ठेवलं. दुसऱ्या टीमने धान निघाल्यावर पुन्हा मोजणी केली आणि पूल मंजूर झाला. मी दोन गोष्टी शिकलो. आमच्या भागात नोटिशीत ग्रेड हा शब्द लिहायचा नाही, आणि वाहनं मोजायची तर पीक घरी येताना मोजायची.

हरकतींना उत्तरं पाठवणं मात्र माझ्याच टेबलावर होतं. त्यातलं एक असं गेलं:

प्रति,
श्री. शालिकराम कापगते यांस,

महोदय,

फाटकाजवळील भुयारी मार्गास आपण घेतलेली हरकत मान्य झाली आहे. तेथे उड्डाणपूल बांधण्यात येईल. पुलाच्या चढासाठी आपली रस्त्यालगतची बांधी लागणार असून तिच्या मोजणीसाठी आमचे कर्मचारी येतील. उभे पीक कापून झाल्याशिवाय ते बांधीत उतरणार नाहीत. मोजणीच्या वेळी आपण हजर राहावे, ही विनंती. मीही येईन, पण कंपनीकडून नाही.

आपला,
नरेश