खात्रीसाहेब आणि तलावातला लाल रंग

जीप थांबली की खात्रीसाहेब आधी हँडब्रेक ओढलाय का ते बघायचे. मग खाली उतरून चाकाखाली दगड लावायचे. मग चार पावलं पुढं जाऊन परत यायचे, दगड नीट बसलाय का ते बघायला. सपाट माळ, जीप जाणार कुठं? ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा. मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं, "साहेब, दावं पण बांधू का तिला?" ते हसले नाहीत. "असू द्या सेक्रेटरी, खात्री केलेली बरी," एवढंच म्हणाले. आठवडा सरायच्या आत सगळ्या शिवारात त्यांचं नाव खात्रीसाहेब पडलं, आणि खरं नाव कागदावरच राहिलं.

मी तेव्हा येरमाळ्याजवळच्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ऐंशीनंतरचा तो दुष्काळ, लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारलेली. कडबा संपला, उसाचं वाढं मिळेनासं झालं, लोक छपरावरचं पाचट काढून गुरांपुढं टाकायला लागले. सोसायटीत दूध येणार कुठून? सरकारची चारा छावणी आमच्या गावात उघडावी म्हणून मी तहसिलाचे उंबरे झिजवत होतो, आणि दर खेपेला एकच उत्तर: "तुमच्या भागाची पाहणी व्हायचीय." शेजारच्या गोठ्यात जनावर हंबरलं की माझा घास तोंडात फिरायचा.

शेजारचा गोठा म्हणजे सोजरमावशींचा. मावशी एकट्या, आणि त्यांची एक गाय, चांदी. सकाळी सोसायटीच्या दारात पहिली किटली त्यांची असायची. आता किटली नसायची, पण मावशी नेमानं यायच्या आणि पायरीवर बसायच्या. "सेक्रेटरी, येत्या बाजारापतुर वाट बघते. छावनी आली तर आली, न्हायतर इकते. डोळ्यादेखत मरू द्यायची न्हाय मला ती." मी म्हणायचो, येईल मावशी, येईल. काय बोलणार दुसरं!

पाहणीला हे साहेब आले ते हैदराबादहून, आणि येताना आभाळातून काढलेला फोटो घेऊन आले. अमेरिकेचा उपग्रह आमच्या डोक्यावरून फिरतो आणि आमची रानं टिपतो, हे ऐकल्यावर पारावर दुसरं बोलणंच होईना. जगातल्या कोरड्या मुलखांची पाहणी बऱ्याच देशांनी मिळून चालवली होती. आफ्रिकेतले देश होते त्यात, आणि आपल्याकडचे काही जिल्हेही. अहवाल जायचा परदेशी, पण त्याची एक प्रत आपल्या सरकारला मिळायची, आणि छावण्या कुठं द्यायच्या ते ठरवताना ती बघितली जायची. फोटोत दिसतं ते जमिनीवर खरंच आहे का, हे फिरून बघणं साहेबांचं काम. वाड्यावस्त्यांच्या वाटा मला दुधामुळं पाठ, म्हणून तहसीलदारांनी मला त्यांच्या जीपमध्ये बसवलं.

फोटो बघायची साहेबांची रीत ठरलेली. बॉनेटवर पसरायचा, कोपऱ्यांवर खडे ठेवायचे, होकायंत्रानं उत्तर दिशा जुळवायची. त्या फोटोत हिरवळ लाल दिसायची. "साहेब, अमेरिकेत रंगसुद्धा उलटे का हो?" असं मी विचारलं, तर बिचाऱ्यांनी भर उन्हात उभं राहून मला समजावलं. पानावरून एक उजेड निघतो, तो आपल्या डोळ्याला दिसत नाही, उपग्रहाला दिसतो, आणि तो दाखवायला लाल रंग घेतात. "पान जेवढं जितं, तेवढं लाल. पण पान कशाचं, ते लाल रंग सांगत नाही. त्यासाठी पाय झिजवावे लागतात." एवढं बोलून पुन्हा चाकाखालचा दगड बघून आले.

माणसांनाही ते असंच तपासायचे. एकाच माणसाला एकच प्रश्न तीन अंगांनी विचारायचे. यंदा काय पेरलं, गेल्या साली ह्याच रानात काय होतं, आणि मग शेजारच्या रानावरून फिरून पुन्हा तेच. एका म्हाताऱ्यानं शेवटी विचारलं, "आवं साहेब, तुमी पोलिसातले हाव का?" साहेबांना घाम फुटला. हडबडले की त्यांची साहेबी भाषा गळून पडायची आणि उमरग्याकडची बोली वर यायची. "न्हाई हो काका. माझी चूक झाली तर ती लई लांब जाती, म्हणून इचारतो."

उमरग्याकडच्या एका खेड्यातलं त्यांचं बौद्ध कुटुंब. स्वतःची जमीन नावालासुद्धा नव्हती. आईवडील दुसऱ्याच्या रानात राबले आणि पोरगा शिकून हैदराबादला नोकरीला लागला. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून. मला माणूस आवडायला लागला होता. पण बाजार तोंडावर आला होता आणि आमच्या गावाचा नंबर लागत नव्हता, त्यामुळं माझं डोकं तापलेलं असायचं.

शेवटी एकदाचे आमच्या गावात आलो. साहेबांनी फोटो पसरला, आणि मी वाकून बघितलं. सगळीकडं राखाडी-निळसर, आणि आमच्या पाझर तलावावर हा लालभडक पट्टा! बहात्तरच्या दुष्काळात गावानं खडी फोडून बांधलेला तलाव तो. त्यात दोन वर्षं चूळ भरायला पाणी नव्हतं.

"तुमच्याकडं तेवढी गाळपेर आहे," साहेब समाधानानं म्हणाले. "त्यामुळं तुमचा भाग 'बरा' ह्या वर्गात लावलाय मी."

"कसली गाळपेर?" मी ओरडलोच. तलावाचं पाणी हटतं तशी मागं उघड्या पडलेल्या ओल्या गाळात ज्वारी-हरभरा पेरतात, ती गाळपेर. पाणीच नाही, तर हटणार काय आणि पेरणार काय, कपाळ?

मी त्यांना हाताला धरूनच बांधावर नेलं. खाली तलावाच्या पोटात, या काठापासून त्या काठापर्यंत, वेडी बाभूळ माजली होती. हिरवीगार. दुष्काळ असो नाहीतर आणखी काही, तिला ढिम्म फरक पडत नाही. मुळं कुठं पाताळात जातात कुणास ठाऊक. आणि त्या पाल्याला मरायला टेकलेलं जनावरसुद्धा तोंड लावत नाही. साहेबांनी खाली उतरून एक फांदी मोडली. हाताला काटा लागला, रक्त आलं, तरी फांदी सोडीनात.

मग ते त्या वाळक्या गाळात मटकन बसले. "सेक्रेटरी, आमच्या घरात जमीन म्हणून काय होतं, तर तलावातली गाळपेर. वर्षाच्या बोलीवर मिळायची. आई पेरायची. उन्हाळ्यात गावभर रखरख आणि आमचा तेवढा तुकडा हिरवा. हैदराबादला टेबलावर हा फोटो आला, तलावात लाल दिसलं, आणि मी एका झटक्यात लिहिलं, गाळपेर. दुसऱ्या मुलखातला माणूस असता तर 'माहीत नाही' लिहिलं असतं त्यानं. मी इथला. मला माहीत होतं ना!"

मला त्यांची कणव आली, नाही असं नाही. पण मावशींचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. म्हटलं, "झालं ते झालं. आत्ता येरमाळ्याला चला, फोन लावा, आणि आमच्या गावाचं बदलून टाका. परवा बाजार आहे."

साहेब उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "असं एका गावाचं नाही करता येणार."

"का नाही? सही तुमची, चूक तुमची, डोळ्यांनी बघितलं तुम्ही!"

"करता येईल. पण वरचे लोक अहवालाची दुरुस्ती एकदाच घेतात. मी एकट्या तुमच्या गावाची पाठवली तर ती घेतील आणि फाईल मिटतील. जिल्ह्यात अजून किती तलावांवर मी असं लिहून बसलोय? वाशीच्या बाजूला आहेत, भूमकडं आहेत, आमच्या उमरग्याला आहेत. त्या गावांत तुमच्यासारखा भांडणारा सेक्रेटरी नसंल तर? सगळे बघून एकदम पाठवतो."

"आणि तोवर आमची गुरं?"

मी नको ते बोललो त्यांना. खुर्चीवाल्यांचं काय जातंय म्हणालो, आणखीही बरंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "आपल्याकडं निदान मला जीपनं येता आलं. तिकडं आफ्रिकेत असाच फोटो कुणीतरी टेबलावर वाचला असंल. तिथं कोण गेलं असंल हो बघायला?" मी म्हटलं, मरू द्या ती आफ्रिका! आणि पाय आपटत घरी आलो.

ते निघाले ते वणवण फिरले. तेरखेड्याच्या बाजूला कुणाला तलावात उतरताना दिसले, कळंबकडं कुणाला दिसले. ड्रायव्हर मला नंतर सांगत होता की साहेब धड जेवत नव्हते, आणि प्रत्येक तलावात खाली उतरून फांदी मोडून बघत होते. काही ठिकाणी खरीच गाळपेर निघाली, तर तिथंही हायसं वाटायचं सोडून ते आणखी घाबरे व्हायचे, म्हणजे आता एकही तलाव अंदाजानं सोडता येणार नाही.

बाजाराच्या दिवशी मावशी सोसायटीपुढून गेल्या. हातात चांदीचं दावं. मी आत कपाटाच्या आड उभा राहिलो, माझ्याच्यानं बाहेर येववलं नाही. संध्याकाळी मावशी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात नुसतं दावं होतं. मी त्या दिवशी खात्रीसाहेबांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात छावणी मंजूर झाली. आम्हालाच नाही, जिथं जिथं तलावात ती बाभूळ होती त्या सगळ्या गावांना. चाऱ्याचे ट्रक आले, माळावर गुरं बांधली, लोक ट्रकवाल्याच्यासुद्धा पाया पडायला लागले. हैदराबादला परत जायच्या आधी साहेब आले. गावानं नारळ आणि टोपी तयार ठेवली होती. साहेबांनी तिकडं बघितलंच नाही. दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि मला विचारलं, "सोसायटीतलं कुणाचं जनावर इथं नाही?"

मावशी मागंच उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझं. बाजारात इकली."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही, सबब सांगितली नाही. सरळ मावशींपुढं जाऊन उभे राहिले. "मावशी, बाजाराच्या आधी मला करता आलं असतं. सेक्रेटरी सांगत होते. म्या केलं न्हाई."

मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या काट्यांनी ओरबाडलेल्या हातांकडंही बघितलं. मग विचारलं, "दुसऱ्या गावास्नी भेटली का छावनी?"

"भेटली."

"समद्यास्नी?"

"जिथं जिथं पाहिजे होती तिथं."

"लई चांगलं केलं साहेब तुमी," मावशी म्हणाल्या. मला वाटलं, झालं, मिटलं. पण त्या पुढं म्हणाल्या, "पन गेली ती माझीच."

साहेबांनी मान हलवली. व्हय म्हणाले. हात जोडले, आणि जीपमध्ये जाऊन बसले. टोपी, नारळ तसंच राहिलं. मी जीपमागं चार पावलं गेलो आणि परत फिरलो. नंतर आमची भेट नाही. कुणी म्हणालं, त्यांनी आफ्रिकेतल्या पाहणीवर जायला अर्ज केला होता. गेले की नाही, मला कळलं नाही.

आता माझा नातू मोबाइलवर आपलं शिवार आभाळातून दाखवतो. "बघा आजोबा, सगळं दिसतंय, झाडसुद्धा दिसतंय!" बातम्यांत कुठल्या कुठल्या देशांचे रंगीत नकाशे येतात, इथं बरं आहे, इथं वाईट आहे. वाईटाचं मला काही वाटत नाही, तिथं मदत जाईल. 'बरं आहे' म्हटलं की मात्र मी नातवाला विचारतो, "अरे, तिथं कुणी जाऊन आलंय का?"